गळ्यापासून खाली: एका बिनशिलाईच्या स्वेटरच्या चाचणी विणकामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

चाचणीचा पॅटर्न आला. पॅटर्न प्रसिद्ध होण्याआधी तो विणून त्यातल्या चुका डिझायनरला कळवायच्या, ही चाचणी. गळ्यापासून सुरुवात करून गोल विणत खाली जायचं, रॅगलन म्हणजे काखेपासून गळ्यापर्यंत तिरक्या जाणाऱ्या बाह्या, कुठेही शिलाई नाही. एकूण नऊ मापं, तयार स्वेटरची छाती ८२ सेंमीपासून १४२ सेंमीपर्यंत. माझ्याकडे सहावं माप आहे, तयार छाती ११२. मुदत १५ डिसेंबर.

सहावं माप मी मागून घेतलं. चाचणीला हौशीने नावं दिली जातात ती लहान मापांसाठी; वरची मापं मुदत जवळ आली तरी रिकामी राहतात, असं मी बऱ्याचदा पाहिलं आहे. डिझायनर नमुन्याचा स्वेटर एका मापात विणते, बाकीची आठ मापं आकडेमोडीवर उभी असतात. ती आकडेमोड माणसाच्या अंगावर बसते का, हे विणल्याशिवाय कळत नाही. आणि ज्यांना दुकानात मनासारखा स्वेटर मिळत नाही, त्या बायकाच ही मापं विणणार असतात. त्यांच्या वाट्याला कच्चं गणित येऊ नये.

स्वेटर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींसाठी. छाती १०२, दंड ३५. म्हणजे दहा सेंमी मोकळीक, पॅटर्नमध्ये सांगितली आहे तेवढीच.

चाचणी करताना मी एक नियम पाळते: लिहिलंय तेच विणायचं. हाताला सवय असते, सूचना मोघम असली तरी हात बरोबर तेच करून मोकळा होतो आणि पॅटर्नमधली उणीव तिथेच झाकली जाते. म्हणून प्रत्येक ओळ आधी वाचायची, तिचा एकच अर्थ निघतो ना ते बघायचं, मग सुई हातात घ्यायची.

९ ऑक्टोबर

गेज, म्हणजे ठरावीक मापात किती टाके आणि किती फेरे बसतात ते. पॅटर्न मागतो १० सेंमीत २२ टाके आणि ३० फेरे, सुलट विणीत, ४ मिमी सुईवर, धुऊन वाळवल्यावर.

स्वेटर गोल विणायचा आहे, म्हणून नमुन्याचा तुकडाही तसाच विणला. सर्क्युलर सुईवर, म्हणजे लवचीक तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, ओळ संपली की तुकडा उलटा करायचा नाही. टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे, लोकर मागून सैल सोडायची आणि पुन्हा सुलटच विणायचं. सपाट विणला तर परतीची ओळ उलट येते, आणि उलट टाके बहुतेकींच्या हातून जरा सैल पडतात. त्या तुकड्यावरचं माप गोल विणलेल्या स्वेटरला लागू पडत नाही.

४ मिमीवर २१ टाके आले, ३० फेरे. एका टाक्याने काय होतं असं वाटू शकतं. अंगाचे टाके आहेत २४८. २२ च्या गेजवर ते ११२.७ सेंमी होतात, २१ च्या गेजवर ११८. साडेपाच सेंमीचा फरक, म्हणजे जवळजवळ पुढचं माप. ३.७५ मिमीवर गेल्यावर २२ टाके मिळाले, पण फेरे झाले ३२.

इथे थांबून विचार करावा लागतो. वेगवेगळे भाग विणून शिवायच्या स्वेटरमध्ये फेऱ्यांचं गेज फारसं आडवं येत नाही, टेप लावून उंची मोजता येते. गळ्यापासून खाली विणताना योकची, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंतच्या भागाची, खोली वाढीच्या फेऱ्यांवर ठरते; वाढ म्हणजे टाके वाढवणं. ३६ वाढी, एकाआड एक फेऱ्यात, म्हणजे ७२ फेरे. ३० च्या गेजवर ते २४ सेंमी, माझ्या ३२ च्या गेजवर साडेबावीस. दीड सेंमी कमी पडला की काखेत काचतं. सगळ्या वाढी झाल्यावर बाह्या वेगळ्या काढण्याआधी पाच साधे फेरे जास्त विणले की ७७ फेरे होतात, २४ सेंमी भरतात. ही सूचना पॅटर्नमध्ये नाही, असायला हवी. अहवालाच्या वहीत पहिली नोंद हीच.

लोकर हाताने रंगवलेली मेरिनो आहे, सुपरवॉश, १०० ग्रॅमच्या लडीला २२५ मीटर. सुपरवॉश प्रक्रियेत लोकरीच्या तंतूवरचे खवले क्लोरीनने बोथट करतात आणि वर पॉलिमरचा पातळ थर देतात, त्यामुळे ती धुण्यात आटून नमद्यासारखी होत नाही. पण टाक्यांना एकमेकांत अडकून राहायला काही उरत नाही, म्हणून भिजल्यावर ती लांबते. तुकडा धुण्याआधी मी २३ टाके मोजले होते, धुतल्यावर २२. न धुता मोजला असता तर सगळंच गणित फसलं असतं.

१३ ऑक्टोबर

११२ टाके घातले, ३.२५ मिमीवर एक सुलट एक उलट अशी गळपट्टी. मग मोठ्या सुईवर मार्कर लावले: पुढे ३६, मागे ३६, बाह्यांना १६-१६, आणि चार तिरक्या रेषांचे दोन-दोन मिळून ८. बेरीज जुळली.

आता मागचा गळा उचलायच्या अर्ध्या ओळी. स्वेटरचा पुढचा गळा मागच्यापेक्षा खाली हवा, नाहीतर तो पुढून गळ्याला लागतो आणि मागून मान उघडी पडते. त्यासाठी मागच्या बाजूला आठ ओळी जास्त, २.७ सेंमी. पद्धत जर्मन शॉर्ट रोची: ठरलेल्या ठिकाणी वळायचं, पहिला टाका न विणता उचलून घ्यायचा आणि लोकर वरून मागे ओढायची. टाक्याचे दोन पाय सुईवर दिसू लागतात. पुढच्या वेळी ते दोन्ही मिळून एक टाका म्हणून विणायचे. भोक पडत नाही.

इथे सूचनेचे दोन अर्थ निघाले. ‘आधीच्या वळणाच्या पुढे ४ टाके विणा’ असं लिहिलंय. दोन पायांचा टाका या चारांत धरायचा की नाही? धरला तर वळणं एका जागी पडतात, नाही धरला तर दुसऱ्या. टाक्यांच्या एकूण संख्येत फरक पडत नाही, म्हणून ही शंका पुढे कुठे उघडकीलाही येत नाही. डिझायनरला विचारलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं: धरायचा नाही. वाक्य बदलते म्हणाल्या.

२० ऑक्टोबर

योक चालू आहे. रॅगलनची तिरकी रेष स्वच्छ दिसावी म्हणून रेषेच्या एका बाजूला उजवीकडे झुकणारी वाढ, दुसऱ्या बाजूला डावीकडे झुकणारी. एका पूर्ण वाढीच्या फेऱ्यात आठ टाके वाढतात: पुढे दोन, मागे दोन, प्रत्येक बाहीला दोन.

या बाहीचं नाव लॉर्ड रॅगलन यांच्यावरून पडलं. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला होता. काखेपासून थेट गळ्यापर्यंत तिरकी जाणारी ही बाही खांद्यावर मोकळी राहते.

आईच्या वेळचे मोठ्यांचे स्वेटर आमच्याकडे नेहमी सुट्या भागांत विणले जायचे. मागचा भाग, पुढचा भाग, दोन बाह्या, मग शिलाई आणि शेवटी गळ्याचे टाके उचलून पट्टी. गळ्यापासून सुरुवात व्हायची ती फक्त तान्ह्या बाळाच्या स्वेटरची, कारण बाळ वाढलं की खालची पट्टी उसवून आणखी चार बोटं विणता यायची. मोठ्यांच्या स्वेटरलाही तोच फायदा मिळतो. आइसलँडचा लोपापेइसा हाही गोल आणि बिनशिलाईचा, पण परंपरेने तो खालून वर विणतात: अंग आणि बाह्या आधी, मग सगळं एकत्र घेऊन योक. तो देखणा असतो, मात्र खांद्यावर कसा बसतोय हे अगदी शेवटी कळतं. गळ्यापासून विणताना सगळ्यात अवघड भाग सगळ्यात आधी अंगावर घालून बघता येतो. या पद्धतीवर माझा जीव आहे तो याच कारणासाठी.

२७ ऑक्टोबर

योक पूर्ण. ३६४ टाके. पडताळा, तिरक्या रेषांचे आठ टाके वाटून धरून: पुढे ११०, मागे ११०, बाह्या ७२-७२. छापलेल्या आकड्यांशी जुळतं.

टाके लांब जाड दोऱ्यावर घेतले आणि वहिनींना बोलावलं. त्यांच्या घरी चकल्यांचं पीठ भिजलेलं, तरी आल्या.

“वहिनी, हात जरा वर करा. आता खाली सोडा.”

“अगं, इथे बघ काय झालंय,” म्हणाल्या आणि खांद्याच्या टोकाशी जमलेली चुणी चिमटीत धरून दाखवली. दोन्ही बाजूंना होती. त्याच्या खाली, काखेच्या वर, बाही उलट ताणलेली.

आकडे बरोबर असताना असं का व्हावं, याचं उत्तर वाढींच्या क्रमात आहे. या मापाला अंगाच्या वाढी ३६ लागतात, बाहीच्या फक्त २७. सरसकट ३६ वेळा आठ टाके वाढवले असते तर बाही काखेचे १४ टाके धरून १०४ टाक्यांची, म्हणजे ४७ सेंमीची झाली असती, ३५ च्या दंडाला. छाती वाढते त्याच प्रमाणात दंड वाढत नाही. डिझायनरला हे माहीत आहे, म्हणून त्यांनी २७ पूर्ण वाढीचे फेरे दिलेत आणि शेवटी ९ फेरे फक्त अंगाच्या वाढीचे. हिशेब चोख. पण त्यामुळे पहिल्या ५४ फेऱ्यांत बाही भराभर रुंद होते आणि पुढचे १८ फेरे तेवढीच राहते. खांद्याचं टोक येतं तिथे कापड जास्त, दंड जाड होतो तिथे वाढ थांबलेली. तिरकी रेषही त्या ठिकाणी मोडलेली दिसते.

उपाय कागदावर मांडून बघितला. तीन पूर्ण वाढीचे फेरे, मग एक फक्त अंगाचा. असा चारांचा गट नऊ वेळा. पूर्ण वाढी २७, अंगाच्या एकूण ३६, शेवटी टाके तेच ३६४. एकही आकडा बदलत नाही, फक्त क्रम बदलतो.

फोटो, मापं आणि हा क्रम डिझायनरला पाठवला. रात्री उत्तर आलं. चौथ्या मापापर्यंत अंग आणि बाहीच्या वाढींत एक-दोनाचाच फरक आहे, म्हणून त्यांच्या नमुन्यात हे दिसलंच नव्हतं. ‘उसवून नव्या क्रमाने विणाल का? नाही म्हणालात तरी चालेल.’

विणणार. इतकं कळल्यावर तसंच पुढे जाणं मला जमणार नाही.

४ नोव्हेंबर

भाऊबीज काल झाली. दिवाळीत सुया बाजूलाच होत्या. आज वाढींच्या पहिल्या फेऱ्यापर्यंत उसवलं. गळपट्टी आणि अर्ध्या ओळी जागेवर ठेवल्या. उसवलेली लोकर कुरळी होते, तिच्यावर लगेच विणलं तर टाके वेडेवाकडे येतात. लड्या बांधून कोमट पाण्यात बुडवल्या आणि खाली काही न लटकवता बाल्कनीत वाळत घातल्या.

हाताने रंगवलेल्या लोकरीत दोन लड्यांचा रंग कधी तंतोतंत एक नसतो. माझ्या लड्यांत एक उघड गडद आहे. दोन गुंडे घेऊन दोन-दोन फेरे आलटून पालटून विणते आहे, म्हणजे रंगाचा पट्टा उमटत नाही.

१२ नोव्हेंबर

दुसरा योक झाला, पाच साधे फेरे धरून ७७. वहिनींनी घातला. खांद्यावर चुणी नाही. तिरकी रेष गळ्यापासून काखेपर्यंत एकाच कलाने उतरते. हात वर केला तरी अंगाचा भाग फारसा वर ओढला जात नाही. त्या आरशासमोर बराच वेळ हात फिरवून बघत होत्या. म्हणाल्या, “तयार स्वेटर घेते तेव्हा दंडाला बसतो तो पोटावर बसत नाही आणि पोटावर बसतो त्याची बाही लोंबते.” हे वाक्य मी अहवालात जसंच्या तसं घालणार आहे.

बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढले, दोन्ही काखांत १४-१४ नवे टाके घातले. अंगाचे २४८.

२२ नोव्हेंबर

अंग. यात लिहिण्यासारखं फार नाही. सरळ सुलट फेरे, ३० सेंमी, मग ६ सेंमीची पट्टी. टीव्हीसमोर, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर कुठेही होतं.

पट्टी बंद करताना पॅटर्न नुसतं ‘टाके बंद करा’ म्हणतो. खालची कड घट्ट राहिली तर स्वेटर कमरेवर आखडतो आणि वर फुगतो. ‘सैल बंद करा, शक्यतो एक नंबर मोठ्या सुईने’ असं लिहावं म्हणून सुचवलं.

२४ नोव्हेंबर

बाहीत छापील चूक सापडली. अंगाच्या वेळी काखेत १४ टाके घालायला लावले, बाहीच्या पानावर सहाव्या मापाला लिहिलंय ‘काखेतून १२ टाके उचला, एकूण ८४’. पुढे १९ वेळा दोन-दोन टाके कमी करायचे, म्हणजे ३८ जाणार. ८४ मधून ३८ गेले तर ४६ उरतात, पण मनगटाच्या पट्टीला छापलेत ४८. म्हणजे मुळात ८६ होते. काखेचे टाके मागाहून १२ चे १४ केले असणार आणि या एका ओळीत जुना आकडा राहिला. पाचव्या आणि सातव्या मापाचीही बेरीज-वजाबाकी करून पाहिली, ती बरोबर आहेत.

विणणारी हुशार असेल तर १४ उचलेल. नवखी असेल तर १२ उचलेल, दोन्ही कोपऱ्यांत भोकं पडतील आणि तिला वाटेल आपल्यालाच जमत नाही. मला अशा चुकांचा खरा राग येतो तो त्या नवख्या मुलीसाठी.

कोपऱ्यातल्या भोकांचा उपाय: दोन्ही टोकांना एकेक टाका जास्त उचलायचा आणि पुढच्या फेऱ्यात तो शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणायचा. संख्या ८६ च राहते.

२ डिसेंबर

दोन्ही बाह्या झाल्या. अरुंद गोल विणताना हात अंगापेक्षा घट्ट चालतो की सैल, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. माझा जरा घट्ट. म्हणून पहिल्या बाहीचे १० सेंमी झाल्यावर पुन्हा गेज मोजलं आणि सुई ४ मिमीची घेतली.

दर सहाव्या फेऱ्याला दोन टाके कमी, १९ वेळा, म्हणजे ११४ फेरे. पॅटर्नच्या गेजवर ते ३८ सेंमी. सुई बदलल्यावरही माझे फेरे ३२ च पडत होते, म्हणून साडेपस्तीस सेंमीच भरले. शेवटी आठ साधे फेरे घातले, मग मनगटाची पट्टी.

६ डिसेंबर

धुतला. कोमट पाणी, लोकरीचा साबण, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं आणि गादीवर मापाला पसरून वाळवला. पुण्यात या दिवसांत हवा कोरडी असते, दुसऱ्या दुपारपर्यंत वाळतो.

वाळल्यावरची मापं: छाती ११३, योक २४, दंड ३९, बाही ४४. अंगाची लांबी मात्र ३६ ऐवजी साडेसदतीस. तुकडा हलका असतो, अख्ख्या स्वेटरचं वजन त्याच्यावर येत नाही, म्हणून सुपरवॉशची ही लांबण तुकड्यात दिसत नाही. ‘सुपरवॉश वापरत असाल तर अंग दीड सेंमी आधी थांबवा’ ही सूचना सुचवली.

वजन ५६० ग्रॅम, म्हणजे १२६० मीटर. पॅटर्न सहाव्या मापाला ११२० मीटर सांगतो. माझ्या दृष्टीने अहवालातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. ११२० वाचून कुणीही पाच लड्या घेईल आणि दुसऱ्या बाहीच्या मध्यावर लोकर संपेल. हाताने रंगवलेल्या लोकरीची तीच छटा पुन्हा मिळत नाही. सहा लड्या लिहायलाच हव्यात.

८ डिसेंबर

अहवाल पाठवला. फोटो पुढून, मागून, बाजूने, हात वर करून, आणि काखेचा जवळून. वहिनींनी चेहरा नको म्हटलं, मानेपासून खाली घेतले.

११ डिसेंबर

सुधारलेली प्रत आली. सहाव्यापासून नवव्या मापापर्यंत बाहीच्या वाढी आता योकभर विखुरल्या आहेत. काखेचा आकडा दुरुस्त, लोकर १३०० मीटर, फेऱ्यांच्या गेजसाठी वेगळा परिच्छेद.

आठव्या मापाला कुणी मिळालेलं नाही, म्हणून त्याची आकडेमोड मीच करून बघितली. तयार छाती १३२. गळ्याला ११६ टाके, पुढे-मागे ३८-३८, काखेत १८. अंगाचे २९२ टाके भरायला ४४ वाढी लागतात. एकाआड एक फेऱ्यात म्हणजे ८८ फेरे, २९.३ सेंमी. आकृतीत मात्र योक २७ सेंमीचा दाखवलाय. छाती वीस सेंमीने वाढली म्हणून काख सव्वापाच सेंमी खाली जात नाही. योक इतका खोल झाला तर हात उचलताना अख्खा स्वेटर वर येईल. ३७ वाढी एकाआड एक आणि सात वाढी सलग फेऱ्यांत घेतल्या तर ८१ फेऱ्यांत ४४ बसतात, बरोबर २७ सेंमी. सलग वाढी कुठे घ्याव्यात, हे कागदावर ठरत नाही. मला वाटतं काखेजवळ, कारण वर घेतल्या तर खांदा रुंद होईल.

डिझायनरला लिहिलंय की आठव्या मापाचा योक मी घरात पडलेल्या लोकरीवर काखेपर्यंत विणून बघते, पूर्ण स्वेटर नाही. १५ तारखेची मुदत त्यांनी वरच्या दोन मापांपुरती पुढे ढकलली आहे. घालून बघायला १२२ छातीचं कुणी हवं. वहिनींच्या भिशीतल्या एकजणी तयार आहेत, शनिवारी माप घ्यायला जाते.